बावीस मिलिमीटर

गुंतवळ : उंटिणी, आधी नुसतं ऐक हं, मधे बोलू नकोस. आपल्या शिवणाच्या बाई!

उंटीण : बाई? अगं गुंतवळ, किती वर्षांनी नाव काढलंस! अजून टेपने फटके देतात का?

गुंतवळ : आमच्या हॉस्पिटलात आल्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. अगदी सुरुवातीचा, घाबरू नकोस. तुला सांग म्हणून त्यांनीच सांगितलंय.

उंटीण : अगं आई गं... ओळखलं तुला?

गुंतवळ : मी अशी एप्रन घालून डॉक्टरीणबाईंच्या थाटात, आणि वॉर्डभर हाक, "ए गुंतवळ!" सिस्टर हसून हसून बेजार.

उंटीण : मला तो उशीचा अभ्रा चार वेळा उसवायला लावलेला!

गुंतवळ : बोटभर फरक होता ना.

उंटीण : बोटभर कसला, नखभर! मी मुळूमुळू रडतेय, आणि बाई शेजारी बसून सुईत दोरा ओवून देतायत. काय दिवस होते गं.

गुंतवळ : हो ना. बरं, ऐक. पूर्वी या आजारात सरसकट मोठं ऑपरेशन. गर्भपिशवी, आजूबाजूचा भाग, सगळंच. त्यात लघवीच्या नसा दुखावतात. आता गाठ वीस मिलिमीटरच्या आत असली, खोल गेलेली नसली, तर नुसती पिशवी काढून भागतं. पण निवड चोख करावी लागते. बाईंची स्कॅनमध्ये चौदा. मोठ्या मॅडमनी सांगूनही टाकलं, छोटं ऑपरेशन. बाई अशा खूश!

उंटीण : मग झालं की.

गुंतवळ : कसलं झालं! फाईल लावायचं काम माझं. बघते तर स्कॅनच्या आधीच बाहेरच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी तुकडा काढलेला. आठ मिलिमीटर गाठ त्यातच निघून गेलेली. ती कुणी चौदात मिळवलीच नव्हती.

उंटीण : चौदा नि आठ... बावीस.

गुंतवळ : दोन जास्त. आणि मी काय केलं, मॅडमकडे जायचं सोडून आधी बाईंकडे गेले. म्हटलं, माझ्याकडून कळू दे.

उंटीण : माती खाल्लीस.

गुंतवळ : बाईंनी हात धरला माझा. म्हणाल्या, "दोनच ना गं? एवढ्याने काय होतंय? नको काढूस विषय."

उंटीण : बाई? आपल्या बाई म्हणाल्या असं?

गुंतवळ : मला आधी हसूच आलं. मग बघितलं, हात सोडतच नव्हत्या त्या माझा.



उंटीण : मग काय केलंस?

गुंतवळ : सांगितलं मॅडमना. बाईंनी मुकाट्याने सही केली. मोठं ऑपरेशन झालं.

उंटीण : आणि?

गुंतवळ : रिपोर्ट आला. आजूबाजूचा भाग स्वच्छ. कणभरही काही नाही.

उंटीण : म्हणजे छोट्यानेच भागलं असतं?

गुंतवळ : मॅडम म्हणतात, ते काढल्यावरच कळतं. तिसरा आठवडा चाललाय, लघवीची नळी अजून आहे. मी रोज जाते. शाळेतलं काय काय काढून बसतात, तुझी चौकशी करतात. त्या दिवसाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

उंटीण : रागावल्यात?

गुंतवळ : रागावल्या असत्या तर परवडलं असतं. काल निघाले, तर एका हातात ती लघवीची पिशवी सांभाळत जिन्यापर्यंत आल्या पोचवायला. "उद्या येशील ना?" म्हणाल्या. ए, खरं सांग... तू असतीस तर काय केलं असतंस?