बसवलेला डोळा

—बसा हो, उभे कशाला? डॉक्टरांनीच पाठवलंय ना? मला ठाऊक आहे. तुमच्या आईंना प्लास्टिकचं बुबुळ बसवायचं म्हणतायत, तुमचं मन धजत नाहीये, मग ते म्हणाले असतील — आमच्या रंगाऱ्याला भेटून या, त्याचं किती छान झालंय बघा! जो कुणी कचरतो त्याला माझ्याकडे धाडतात. मी म्हणजे दुकानाच्या काचेत लावलेला नमुना. दोन चांगले शब्द बोलायचे, चहा पाजायचा, की झाला माणूस तयार. आज नाही बोलणार. आज माझं डोकं फिरलंय.

या, जवळ या. बघा माझ्या डोळ्यात. लाजू नका, बघा. मधे ती चकती दिसते ना, शर्टाच्या बटणासारखी — तीच. तिच्यावर एक मऊ लेन्स, ती कायमची, झोपतानासुद्धा. आणि कडेनं तो पिवळा चिकट थर, तो कितीही पुसा, येतोच. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, आणि वास येतो — हो, वास, हे कुणी सांगत नाही. सरकलात ना मागे? सरका, सरका. सगळेच सरकतात.

झालं कसं म्हणता? चुन्यानं. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, आणि एका जिन्यात छताला चुना मारताना वर टांगलेली बादली कलंडली — दोन्ही डोळ्यांत. एक तिथल्या तिथे गेला, दुसऱ्यावर पांढरा पडदा. मेलेल्या माणसाचं बुबुळ लावलं, ते गढूळ झालं. परत लावलं, परत तेच. मग हे. आणि पट्टी काढली त्या दिवशी — आता खोटं कशाला बोलू — दिसलं. लख्ख दिसलं! पहिलं काय दिसलं सांगू? दवाखान्याची भिंत. रोलरचे पट्टे, कोपऱ्यात ओघळ, खाली भेगांत भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी हो, धड घासलेली नाही. मी तिथेच ओरडलो, कुठल्या गाढवानं रंगवलंय हे? नर्स हसायला लागल्या, बायको रडायला लागली, आणि मी आपला शिव्या घालतोय, आनंदानं.

पण डॉक्टर यश यश म्हणतात ना, ते काय असतं विचारा त्यांना. चकती जागेवर आहे, झालं यश! अहो, खिडकी भिंतीत घट्ट बसली म्हणून उजेड येतोच का? माझी घट्ट आहे, तसूभर हलली नाही. पण आतला दाब वाढतोय. तो मोजायचं यंत्र या प्लास्टिकवर चालत नाही, म्हणून डॉक्टर पापणीवरून बोटांनी दाबून बघतात, फळ पिकलंय का बघावं तसं. शिसारी येते मला. त्या दाबानं मागची नस मरत चाललीये. आता मधलं तेवढंच दिसतं — तुमचं नाक दिसतंय, कान नाहीत. गेलं ते गेलंच, पण उरलंय ते वाचवायला आत एक बारीक नळी घालायची म्हणतात. उद्या बोलावलंय. नाही घातली तर हेही जाणार. मी नाही म्हणून टाकलंय.

का म्हणजे? कंटाळा आला चिरफाडीचा. भीती? छे! परांचीवर उभं राहून जन्म गेला माझा, भीती कसली? बायकोलाही तेच वाटतं, घाबरलोय म्हणून. रोज समजावते — अहो, मी आहे ना. मी आहे ना म्हणे! तिथेच तर सगळं... जाऊ द्या.

आता तुम्ही असे बघताय म्हणून सांगतो. थेंब घालावे लागतात, रोज, मरेपर्यंत. माझा हात कापतो, म्हणून बायको घालते. दिसत नव्हतं तेव्हाही तीच घालायची. कपाळावर तळवा टेकवायची, इतका हलका हात, की मला वाटायचं, सगळ्या जगाला माझी किळस येऊ दे, हिला येत नाही. मग दिसायला लागलं. घरी आल्यावर मान वर करून बसलो थेंबांना, आणि वर तिचं तोंड. ओठ घट्ट मिटलेले, श्वास रोखलेला. थेंब पडला की झटक्यात मान तिकडे, उबळ आल्यासारखी. मग जाऊन नळ मोठा सोडते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. एक वेळ चुकवली नाही हो तिनं, अंगात ताप असताना उठलीये. आणि रोज मी ते तोंड बघतो. थेंब घालताना डोळा मिटता येत नाही ना! कडेचं सगळं गेलं, मधलं तेवढं उरलं, आणि मधे नेमकं ते. थू! मला माझीच घाण वाटते.

आईंचं? करा की. बेलाशक करा. लख्ख दिसतं म्हटलं ना मी? एक दिवस दिसलं तरी करा. फक्त थेंब तुम्ही घालणार असाल तर डोक्याच्या मागे उभं राहून घाला, त्यांना तुमचं तोंड दिसणार नाही असे. — मी का नाही तिला तसं सांगत? वा! शहाणेच आहात. सांगितलं की तिला कळेल ना, मी इतके दिवस काय बघत होतो ते! मग ती कुठे तोंड लपवेल? त्यापेक्षा अंधार बरा. आणि हे डॉक्टरांना सांगाल तर याद राखा —

थांबा. थेंबांची वेळ झाली, हात धुतेय ती, येईल आता. उठा. चहा राहू दे, उठा म्हणतो ना! पाहुणा बसलेला असला की तिला तोंड फिरवता येत नाही. बिचारी हसत उभी राहते.