करपलेल्या दुधाचा वास

माझं माहेर पारोळ्याजवळचं एक खेडं. वडील शिक्षक, म्हणून मीही शिकले आणि लग्न होऊन सुरतेला आल्यावर इथल्या मराठी शाळेत शिकवू लागले. हे पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, कापड रंगवायच्या यंत्रावर. त्यांचं नाव मी अजून घेत नाही, तुम्हीही लिहू नका.

काय सांगू तुम्हाला, आमचं पहिलं भांडण दुधावरून झालं, दुसरंही दुधावरूनच. हे बाहेरच्या खोलीतून अचानक अहिराणीत म्हणायचे, दूध करपनं व, ध्यान कोठे शे तुनं? मी धावत आत जायची, तर स्टोव्ह पेटवलेलासुद्धा नसायचा. मला वाटे, शिकलेली बायको म्हणून मुद्दाम टोचतात. मी आतूनच म्हणायची, मिलच्या रंगांनी नाक गेलंय तुमचं, आणि तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज यायचा. तीन वेळा पडले ते, हातपाय झटकत, आणि तिन्ही वेळा मी दूध बघायला आत गेलेली. शेजारणी म्हणाल्या, चप्पल हुंगवा, तर मी, मुलांना विज्ञान शिकवणारी, चप्पल धरली त्यांच्या नाकाशी. अजून आठवलं की मान खाली जाते. पण खरी धास्ती मिलची होती. उकळत्या रंगाशेजारी पडले असते तर?

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टर गुजराती. म्हणाले, बेन, पडण्याआधी भाईंना काय होतं? मी म्हटलं, काही नाही, माझ्याशी भांडतात. कशावरून? दुधाच्या वासावरून, म्हटलं, आणि मग स्वतःच पुढे म्हटलं, पण स्टोव्ह तर पेटवलेलाही नसतो. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, तो वास घरात नसतो, मेंदूत उठतो, झटक्याची ती सुरुवात असते. तो आला की यंत्रापासून दूर होऊन आडवं व्हायचं, झटका आला तर कुशीवर वळवायचं, नाकातोंडाशी काही न्यायचं नाही, आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही. बाहेर आल्यावर हे हळूच म्हणाले, म्हणजे इतके दिवस तू दूध नीटच तापवत होतीस.

मग यांनी मिलमध्ये सारं खरं सांगितलं आणि घड्या घालण्याचं काम मागून घेतलं, तिथे यंत्र नाही, वाफ नाही. घरी दाराशी गोधडी ठेवली. वास येतो म्हणाले की मी स्टोव्हकडे बघतही नाही, गोधडी अंथरते, त्यांना निजवते, हात हातात घेऊन बसते. गोळ्यांनी आता झटका क्वचितच येतो.

गेल्या रविवारी हे म्हणाले, दूध करपनं व. मी तपासायच्या वह्या टाकल्या, गोधडी अंथरली, हात धरून बसले. वाट पाहिली. काहीच होईना. मग मलाही वास आला. हे पडल्या पडल्या हसत म्हणाले, जाय, बंद कर. मी उठायला गेले, तर हात सोडेनात.

तपेली चार दिवस घासते आहे. तळाचा डाग काही निघत नाही. राहू दे, म्हटलं.