संस्कृतीच्या लग्नातला चुडा

(चाकणजवळचं गाव, दुपार. ओट्यावर सासू गवराबाई आणि सून रुपाली.)

गवराबाई : न्हाई म्हंजी न्हाई! माझा अजिंक्य, हिचा नवरा, धडधाकट कंपनीत राबतोय अन् हिला बांगड्या फोडायच्यात. त्या डॉक्टराला म्हणावं, ये माझ्यासमोर.

रुपाली : फोडा नाही म्हणाले आत्याबाई, काढा म्हणाले. पण निघत नाहीत. अंगठा आत वळतच नाही.

गवराबाई : साबण लाव.

रुपाली : लावला. तेलही लावलं. हात सुजत चाललाय, बांगड्या आवळतात. बोटांना आधीच रक्त पोचत नाही. बोटाच्या टोकाला ही जखम झालीय, ती चिघळली तर बोट जाईल.

गवराबाई : दंडावर एक चट्टा काय उठला, तीन वर्षं त्याचंच पुराण! मीच नेलं होतं ना भोसरीला? डॉक्टर माझ्या तोंडावर म्हणाला, मावशी, कातडं कडक झालंय तेवढंच, आत काय जात न्हाई.

रुपाली : बरोबर म्हणाले ते.

गवराबाई : मग?

रुपाली : तो चट्टा दंडावरच आहे, आत गेलाच नाही. हा दुसरा आजार. बोटांपासून सुरू झाला, आता फुप्फुसात उतरलाय.

गवराबाई : दोन-दोन? एकाच अंगात?

रुपाली : क्वचित असतं असं. एक कातड्यापुरता, एक सगळ्या अंगाचा. पहिल्याचं नाव कळलं होतं, म्हणून दुसऱ्याकडं कुणी बघितलं नाही.

गवराबाई : कुणी म्हंजी मी. सरळ बोल की.

रुपाली : मी सांगितलं होतं, माझ्या कंपनीत एसी लागला की बोटं पांढरी पडतात.

गवराबाई : अन् मी म्हणले, राणीसरकार, भांडी घासा, हात गरम होतील.

रुपाली : घास उतरत नाही असं मी म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, आमच्या भाकरीत खडे हायत का?

गवराबाई : पाठच हाय तुला सगळं.

रुपाली : परत तपासायला जाऊ दिलं नाहीत.

गवराबाई : पोरीचं लग्न जमत होतं गं. संस्कृतीच्या भावजयीला अंगाचं काहीतरी हाय, असा बोभाटा झाला असता, तर तिला कुणी केली असती?

रुपाली : लग्न झालं ना चांगलं? झालं तर मग.

गवराबाई : ह्या बांगड्या त्याच लग्नातल्या.

रुपाली : हं.

गवराबाई : चढवताना तू वरडली होतीस. कासारीण म्हणली, गवराबाई, पोरीचा हात लाकडागत लागतोय, राहू द्या. मी म्हणले, नाटकं हायत. मीच दाबून धरला हात.

रुपाली : जाऊ द्या आता.

गवराबाई : कसं जाऊ द्या? चार घरं फिरणाऱ्या बाईच्या हाताला कळलं, अन् रोज तुझ्या हातचं खाणारी मी... आन् तुला धाप का लागतीय? बसून तर हायस.

रुपाली : बसूनही लागते आता.

गवराबाई : बरी होशील ना?

रुपाली : वाढू देणार नाही म्हणाले डॉक्टर. गेलेलं परत येत नाही.

गवराबाई : ...अजिंक्यची पक्कड कुठंय? न्हाई, उठू नको, मी आणते. हा फडका गुंडाळ मनगटाला.

रुपाली : आत्याबाई, अपशकुन होईल ना?

गवराबाई : तो माझा मी बघते. आण हात. दुखलं की वरड हां पोरी. आज ऐकते मी.