कांचळी गाडीतच राहू दे

आर्णीच्या बसस्टँडवर आईला कोपऱ्यातल्या बाकावर बसवून सोनू लांबच्या दुसऱ्या बाकावर येऊन बसला. शेजारी एक म्हातारं बंजारा जोडपं होतं, म्हातारी आरसे लावलेल्या फेटिया-कांचळीत, म्हणजे घागरा-चोळीत. म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून स्वीडनमधल्या पोराचा फोन स्पीकरवर लावलेला.

"याडी, तू आली का आपुन जहाजानं फिनलंडले जाऊ. रातभर जहाजातच राहाचं हाय."

"अन् आपली गाडी रे, बबलू?"

"गाडी जहाजाच्या पोटात घालतेत. मंग खाली कुलूप लागते. सकाळपर्यंत कोनी जाऊ शकत नाही. म्हणून लागते तेवढंच वर न्याचं."

"मायी फेटिया-कांचळी नेईन मी वर."

"ते गाडीतच राहू दे. वर साडी नेस."

"काहून?"

"माये साहेब राहतीन संग. त्याईच्या घरचे बी."

"काहून, माया कांचळीचे आरसे फुटले का?"

"तसं नाही, याडी."

"लगनापासून हेच घालून राह्यली मी. साडीत मले चालताबी येत नाही."

"एका रातीचाच तर सवाल हाय."

"मंग मले बी गाडीतच ठेव."

"तिथं मानसाले राहू देत नाहीत."

म्हाताऱ्याने फोन बंद केला. म्हातारी कोपऱ्यातल्या बाकाकडे बघत राहिली. तिथली बाई तिच्यासारखीच, आरशांच्या कांचळीतली.

"बाबू, ते बाई मघापासून तुयाकडेच पाहून राह्यली. कोनी हाय का तिच्यासंग?"

"हाय ना," सोनू खाली बघत म्हणाला. पण त्याला जागचं उठवेना.