वैशालीचा जांभळा दिवा

आमच्या बोरीवलीच्या वैशालीचं ऐक ना. नोकरी गेल्यावर ती घरातच मोहरीचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळे कोंब, वाढवून एका हॉटेलला द्यायला लागली. अतिनील प्रकाश थोडा दिला की ते जास्त पौष्टिक होतात, असं वाचून तिने दिवा आणला आणि तो बंद करायचं विसरून दोन दिवस माहेरी गेली.

परत येऊन बघते तर दिव्याखालचे ट्रे करपलेले, कडेचे कोंब बुटके आणि जांभळट. तेवढ्यात हॉटेलचा शेफ माल न्यायला दारात.

"वाट लागली हो, या वेळी काहीच नाही," ती रडवेली झाली.

त्याने कडेचा एक कोंब चावून बघितला. "मॅडम, एवढा झणका आधी कुठे होता? हेच द्या."

"अहो, पण हे चुकून झालंय!"

"मग तीच चूक आता बेताने करायला शिका."