फीत बांधलेला टब

व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या मत्स्यालयाचे अध्यक्ष माननीय गणराजसाहेब, सव्वा तास उशिरा का होईना पण आवर्जून आलेले माननीय प्रमुख पाहुणे, विश्वस्त मंडळी, थळहून आलेल्या मासेविक्रेत्या भगिनी, विद्यार्थी मित्रांनो, आणि काचेपलीकडून आमची भाषणं वर्षानुवर्षं निमूट सोसणाऱ्या जलचरांनो,

आज ज्यांचा निरोप समारंभ, त्या मनुबाई व्यासपीठावर नाहीत हे आपल्या लक्षात आलं असेल. त्यांच्या खुर्चीत सध्या शाल आणि श्रीफळ बसलं आहे. काळजी नसावी, त्या येतीलच. तोवर मला दहा मिनिटं बोलायचं आहे. मी इथल्या सल्लागार समितीचा सदस्य. नऊ वर्षांत मला कोणी सल्ला विचारला नाही, त्यामुळे साठा भरपूर आहे.

मनुबाईंनी सव्वीस वर्षं इथल्या टाक्या घासल्या आणि माशांना खाऊ घातलं. त्यांचं पद 'सफाई कर्मचारी'. समुद्रशिक्षणासाठी आपल्याकडे वेगळा विभाग आहे, त्याचे फलक आहेत, फलकांवर लॅटिन नावं आहेत. पण सहलीला आलेलं पोर फलक वाचतं का हो? ते एकच प्रश्न विचारतं, "मावशी, हा मासा खातात का?" आमचे मार्गदर्शक अशा वेळी दुखावतात. मनुबाई म्हणायच्या, "खातात की! मी बी खाते. पन आधी त्याला एकदा अंडी घालू दे. न्हायतर पुढल्या साली काय काटे खाशील?"

याच विषयावर आपण गेल्या वर्षी दोन दिवसांचा परिसंवाद घेतला होता. दुपारी तळहाताएवढी पापलेटं जेवलो आणि संध्याकाळी ठराव केला की लहान मासे पकडू नयेत. ठराव एकमताने मंजूर झाला. पापलेटंही.

असो. आजच्या कार्यक्रमाचं दुसरं आकर्षण म्हणजे कासव. त्याच्या निरोपासाठी व्यासपीठाशेजारी हा मखमल पांघरलेला, फीत बांधलेला टब मांडला आहे. चौदा महिन्यांपूर्वी जाळ्यात अडकून पुढचा पाय चिरलेली एक ऑलिव्ह रिडले मादी इथे आली. मनुबाई तिला 'बाय' म्हणतात. चार महिन्यांत जखम भरली. डॉक्टर सुचिताताईंनी सांगितलं, सोडा. वन खात्याचं परवानगीपत्रही आलं. मी ते दोनदा वाचलं. त्यात डॉक्टरांचा उल्लेख आहे, भरतीचा आहे. प्रमुख पाहुण्यांचा नाही. तो आपण जोडला.

मग तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला पाहुण्यांना दिल्लीला जावं लागलं. दुसऱ्या तारखेला हेलिकॉप्टर उडेना. तिसऱ्या तारखेला नक्की काय झालं, हे पाहुण्यांनाही आठवत नसेल. मनुबाई दर वेळी कचेरीच्या दारात उभ्या.

"साहेब, बायला कवा सोडायची?"

"पाहुण्यांची तारीख मिळू दे, मनुबाई."

"तिला हाय का ठावं, पाहुना कोन त्ये?"

"अहो, समुद्र कुठे पळून जातोय?"

"समुद्र न्हाय, साहेब. तिचं वय जातंय."

हा संवाद मी स्वतः ऐकला आहे. अध्यक्ष हसले होते. आत्ताही हसताहेत, म्हणजे आठवतंय.

दहा महिने ती मादी मागच्या आठ फुटांच्या टाकीत गोल फिरते आहे आणि बाहेर आपण पाटी लावली आहे, 'समुद्र हेच त्यांचे घर'. या पाटीसमोर लोक सेल्फी काढतात.

आज मात्र योग जुळला. पत्रिकेवर चारची वेळ होती, भरती साडेपाचला पुरी होणार होती. पण पाहुणे सव्वापाचला आले. मग दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. माझ्यानंतर अजून सात वक्ते आहेत, म्हणजे कासव सोडायला सात वाजणार. आपला किनारा आपल्याला ठाऊक आहे. ओहोटीला पाणी दूर जातं आणि मागे चिखल आणि खडक उरतात. तिथे डॉक्टर सोडू देणार नाहीत. मग पुढची तारीख. कधी? दिवाळीनंतर, असं पाहुण्यांचे स्वीय सहाय्यक म्हणाले. कुठल्या दिवाळीनंतर, ते विचारायचं राहिलं.

आणि आपला तो रिवाज! निवृत्त होणाऱ्याने चाव्यांचा जुडगा तबकात ठेवून अध्यक्षांच्या हाती द्यायचा. चावी दिली की मागच्या टाकीचं कुलूप उघडायचा मनुबाईंचा अधिकार संपला. त्यांच्याकडे आजची भरती होती. एवढीच.

चिठ्ठी आली आहे. 'आटोपतं घ्या.' अध्यक्षांचं अक्षर सुंदर आहे. पण पापलेटांचं सांगितलं आणि खेकड्यांचं राहिलं, असं नको व्हायला. माईक कुरकुरतोय, त्याकडेही दुर्लक्ष करावं. तो सांभाळणारा पंपवाला नदीम जरा बाहेर गेला आहे. सुचिताताईंच्या खुर्चीवर नुसती पर्स दिसते, तिच्याकडेही.

खेकड्यांबद्दल सांगायचं तर...

नको. राहू द्या खेकडे. दारात मनुबाई आल्या आहेत. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं आहे. मागे सुचिताताई, नदीम. या, मनुबाई, पुढे या. काय झालं?

"गेली, सर. लाट आली न् गेली. मागं वळून बी न्हाय बघितलं."

टाळ्या नंतर, मंडळी. साहेब, आपण त्या मखमली टबाकडे का बघता? त्यात कासव आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. त्यात पाणी आहे. फीत मात्र खरी आहे, पाहुण्यांनी ती अवश्य कापावी. फीत कापायला कासव लागत नाही.

आपण सर्वांनी हे लांबलेलं बोलणं सोसलंत, विशेषतः प्रमुख पाहुण्यांनी खुर्ची सोडली नाही, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आपण उठला असतात तर पंचाईत होती. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आता मनुबाई रिवाजाप्रमाणे चावी देतील. अध्यक्षमहाराज, तेवढी रुमालाने पुसून घ्या. तिला ओली वाळू लागली आहे.