साहेबाला ‘थांब’ कोण म्हणणार?

नाही, पण मी म्हणतो, माणसानं माणसावर ओरडायला इतकं लाजायचं कारण काय? अहो, लिफ्ट दुरुस्तीचं काम म्हणजे निम्मं काम ओरडण्याचंच! तुम्हाला सांगतो, लिफ्ट मध्येच अडकली ना, की एकानं गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचं, ब्रेक सैल करायचा आणि ते मोठं लोखंडी चाक हातानं फिरवायचं, आणि दुसऱ्यानं मजल्यावर उभं राहून बोंबलायचं, "येऊ दे... येऊ दे... बास!" वरच्याला खालचं काही दिसत नाही, त्याचा सगळा भरवसा त्या ‘बास’वर. आणि वरचा जरा चुकला की खालचा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, मग दोघं एका कपातला चहा अर्धा अर्धा पितात. अशी रीत आहे आमच्यात! आणि मला खालून काय ऐकू येतं? "साहेब, तुमची हरकत नसेल तर... आता जरा थांबता का?" अहो, हे वाक्य संपेपर्यंत लिफ्ट मजला सोडून हातभर पुढे गेलेली असते!

पण काय आहे, मीच मागून घेतलं, आता बोलणार कुणाला?

म्हणजे मी मॅनेजर होतो हो! काचेची केबिन, फिरती खुर्ची, आणि दिवसभर दाराशी रांग. "साहेब, सुट्टी पाहिजे." "साहेब, हा मला असं असं बोलला." "साहेब, मी असं बोललोच नाही." अरे, मी मेकॅनिक माणूस! हात नुसते शिवशिवायचे. केबिनमध्ये बसून पंख्याचा आवाज ऐकायचो आणि मनात म्हणायचो, याचं बेअरिंग गेलंय. शेवटी गेलो मोठ्या साहेबांकडे, म्हटलं, मला परत हत्यारं द्या. त्यांनी आधी उठून दार लावलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना? ...डॉक्टर काय म्हणतात?" घ्या! म्हटलं, डॉक्टर कशाला काय म्हणतील, मला काम करायचंय! तर ते आणखीनच काळजीत पडले.

बरं, निरोपसमारंभ केला हो माझा! पुष्पगुच्छ, भाषणं, लंबूच्या डोळ्यांत पाणी... लंबू म्हणजे आमचा सगळ्यात उंच मेकॅनिक, आता माझा जोडीदार. "साहेब, तुमची उणीव कायम भासेल." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथंच हजर, निळा डगला घालून! भुतासारखं बघायला लागले सगळे. आता ज्याच्यासाठी एकदा रडून झालंय त्या माणसाचं करायचं काय, हा त्यांनाही प्रश्नच ना!

आणि मला हवं काय होतं सांगू? मागच्या बाजूला, सुट्या भागांच्या खोलीबाहेर एक बाकडं आहे. तिथं बसून ही माणसं चहा पितात आणि हसतात. इतकी वर्षं ते हसणं मी काचेआडून नुसतं बघितलं, ऐकू यायचं नाही. म्हटलं, आता आपण त्या बाकड्यावर. गेलो, टेकलो... सगळे उभे राहिले! हसणं कुणीतरी मेन स्विच पाडल्यासारखं बंद. म्हटलं, बसा रे, मी आता तुमच्यातलाच. "हो साहेब, हो साहेब." एक विनोद सांगितला. तो संपायच्या आधीच सगळे हसले! अरे, पुढचं तरी ऐका! मग कुणाला फोन आला, कुणाला काम आठवलं, आणि बाकड्यावर मी आणि सहा अर्धे कप. एकटं वाटतं हो. विनोद नाही करत, खरंच एकटं वाटतं.

पलीकडे मॅनेजर मंडळी? ती आता खांद्यावर थोपटून जातात. "जप हं!" मला काय झालंय? घरी सांगायला जावं तर आमची ही म्हणते, "तुम्हीच म्हणायचात ना, माणसं डोकं खातात? आता कुणी खात नाही तर ते डोकं घेऊन माझ्याकडे येता होय!" बरोबर आहे तिचं. मीच मागून घेतलं, आता बोलणार कुणाला?

पण परवा... परवाचं ऐका. एका जुन्या इमारतीत जाळीच्या दाराची लिफ्ट, वरच्या मजल्याच्या जरा खाली अडकली. आत एक आजीबाई. लंबू तळाशी मेन बंद करायला गेला, मी गच्चीवर. लंबूनं मेन बंद केल्याचं फोनवर सांगितलं आणि जिने चढायला लागला. इतक्यात मशीनच्या खोलीतून लिफ्टचे दोर खाली जातात त्या भोकातून आवाज, "अरे ए, वर कोण आहे? झोपलास काय रे मुडद्या?"

तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला माझ्या!

म्हटलं, जागा आहे आजी, जाळीतून मजला दिसतोय का? "दिसतोय की! मला काय आंधळी समजलास?" म्हटलं, मग मी चाक फिरवतो, तुम्ही सांगा. आणि काय सांगू, काय आवाज बाईंचा! "येऊ दे... येऊ दे... अरे जोर लाव की, जेवला नाहीस का? ...येऊ दे... थांब की मेल्या!!" बरोब्बर मजल्याला! मधे मधे चौकशी, बायको आहे का, मुलं काय करतात, गुडघे दुखतात का माझ्यासारखे. चाक मी जरा सावकाशच फिरवलं, खोटं कशाला बोलू? असा जोडीदार परत कुठे मिळायचा!

धावत खाली आलो. बाई जाळी सरकवून बाहेर, हात कमरेवर, मला आणखी झापायच्या तयारीत... आणि जिन्यातून लंबू, धापा टाकत, "साहेब! साहेब, राहू द्या साहेब, तुम्ही कशाला, मी करतो!"

बाईंचा हात कमरेवरून खाली. "अगंबाई... साहेब? मला वाटलं मेकॅनिक आहे. काहीबाही बोलले हो मी, मनावर घेऊ नका हं." म्हटलं, मेकॅनिकच आहे मी, बोला तुम्ही, थांबलात का! छे. मला आत सोफ्यावर बसवलं, बशीतून बिस्किटं, आणि स्वतः समोर पदर सावरून उभ्या, गप्प. लंबू बाहेर जिन्यावर वॉचमनबरोबर एका कपातला चहा पीत हसत होता.

आता मनात येतं, ती लिफ्ट परत बंद पडेल, परत जाऊ. पण कसली पडतेय! निघायच्या आधी सगळी उघडून अशी पक्की करून ठेवलीय मी, की बरीच वर्षं कुरकुरसुद्धा करायची नाही. हात चांगला आहे हो माझा.

माझ्याच हातानं केलंय, आता बोलणार कुणाला?